‘किल्मिनिन्कास’ : षष्ठी म्हणावी की पंचमी?

प्रश्न

लिथुआनियन भाषेचे व्याकरण मराठीतून समजून घेऊ लागले की विभक्त्यांच्या नावांपाशीच अडायला होते. त्या भाषेत सात विभक्त्या आहेत आणि त्यांच्या कोष्टकात दुसऱ्या जागी येणाऱ्या विभक्तीचे नाव ‘किल्मिनिन्कास’ असे आहे. ‘तेवो नामास’ म्हणजे ‘वडिलांचे घर’, म्हणून तिला षष्ठी म्हणण्याकडे आपला कल असतो. परंतु ‘इश मिश्को’ म्हणजे ‘जंगलातून’, आणि तेथेही नामाचे रूप हेच असते; मराठीच्या दृष्टीने ही तर पंचमी झाली. आपल्या शालेय व्याकरणात ‘स, ला, ते’ या प्रत्ययांना अर्थानुसार द्वितीया आणि चतुर्थी अशी दोन नावे दिली आहेत. त्याच न्यायाने या रूपालाही दोन नावे द्यावीत काय? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

दोन नावे देऊ नयेत, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण संस्कृतातच सापडते. ‘राम’ या अकारान्त शब्दाची ‘रामात्’ आणि ‘रामस्य’ ही रूपे वेगळी असल्यामुळे पंचमी आणि षष्ठी या सर्वत्र वेगळ्या असतात असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ‘अग्नेः’, ‘नद्याः’, ‘शुनः’ ही एकवचनी रूपे दोन्ही विभक्त्यांना समानच आहेत. लिथुआनियनमध्ये कुत्र्याला ‘शुओ’ म्हणतात आणि त्याचे किल्मिनिन्कास ‘शुन्स’ असे होते, म्हणजे आपले ‘शुनः’च. संस्कृतात जे बहुतेक नामांच्या बाबतीत आधीच घडलेले होते ते बाल्टिक भाषांनी, म्हणजे लिथुआनियन आणि तिच्या भगिनीभाषांनी, अकारान्त नामांपर्यंत नेले, एवढाच फरक.

मौज अशी की, अकारान्त नामांत दोहोंपैकी टिकले ते रूप षष्ठीचे नसून पंचमीचे आहे. ‘विल्कास’ म्हणजे लांडगा, संस्कृत ‘वृकः’. त्याचे किल्मिनिन्कास ‘विल्को’, आणि या ‘ओ’चा उगम ‘वृकात्’मधील ‘आत्’ ज्या जुन्या प्रत्ययातून आला त्याच प्रत्ययात आहे. लॅटव्हियनमधील ‘विल्का’ हे रूपही त्याच घराण्यातले. अठराव्या शतकाच्या आरंभी लोप पावलेल्या जुन्या प्रशियन भाषेने मात्र वेगळी वाट धरली होती. तेथे ‘देवाचा’ या अर्थी ‘देइवास’ असे रूप आढळते.

आता ‘बियाउ विल्को’ हे वाक्य पाहावे. अर्थ ‘मी लांडग्याला भितो’. क्रियापद ‘भी’ धातूच्या नात्यातले आहे आणि नामाचे रूप मूळचे पंचमीचे, तेव्हा संस्कृतात शब्दाला शब्द लावून ‘बिभेमि वृकात्’ असे म्हणता येते. ज्याची भीती वाटते ते अपादान (म्हणजे पंचमीचे कारक), हा ‘भीत्रार्थानां भयहेतुः’ या पाणिनीय सूत्राचा नियम लिथुआनियन माणूस आजही नकळत पाळतो, आणि मराठी माणूस मात्र ‘लांडग्याला’ म्हणून मोकळा होतो. ‘लाउकिउ त्राउकिनिओ’ म्हणजे ‘मी गाडीची वाट पाहतो’. येथे मराठीतही ‘ची’ आहे, पण तो ‘वाट’ या नामाचा प्रताप आहे. ‘येश्काउ दार्बो’ म्हणजे ‘मी काम शोधतो’. येथे मराठीत प्रत्ययच नाही. तिन्ही ठिकाणी लिथुआनियन रूप एकाच विभक्तीचे असताना मराठी तीन निरनिराळ्या तऱ्हांनी बोलते, म्हणून मराठी अर्थावरून नावे पाडायला बसल्यास दोनच काय, चार नावेही पुरणार नाहीत.

नकाराचा नियम तर आपल्याला सर्वस्वी नवा आहे. ‘तुरिउ ब्रोली’ म्हणजे ‘मला भाऊ आहे’. परंतु ‘मला भाऊ नाही’ असे म्हणायचे असल्यास ‘नेतुरिउ ब्रोलिओ’ असे म्हणावे लागते, कारण क्रियापद नकारार्थी होताच कर्माची द्वितीया जाऊन तेथे किल्मिनिन्कास येते. अंशाचा अर्थही हीच विभक्ती दाखवते. ‘दिएवास दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस’, म्हणजे देवाने दात दिले, तो भाकरही देईल, अशी तेथील प्रसिद्ध म्हण आहे. आपल्याकडे ‘चोच दिली तो चाराही देईल’ म्हणतात. या म्हणीत ‘दान्तिस’ द्वितीयेत आहे, कारण दात सगळे दिले. ‘दुओनोस’ मात्र किल्मिनिन्कासमध्ये आहे, कारण भाकर मिळायची ती पोटापुरती.

नावाविषयी सांगायचे तर ‘किल्मे’ म्हणजे उगम किंवा मूळ, त्यामुळे ‘उगमविभक्ती’ हा प्रतिशब्द मला योग्य वाटतो. ‘षष्ठी’ हे क्रमवाचक नाव लिथुआनियन कोष्टकात दुसऱ्या जागी लिहिणे विद्यार्थ्याला गोंधळात टाकणारे आहे. शिवाय तेथील बहुतेक नावे अर्थवाचकच आहेत : ‘वार्दास’ म्हणजे नाव, त्यावरून ‘वार्दिनिन्कास’ ही प्रथमा; ‘नाउदा’ म्हणजे लाभ, त्यावरून ‘नाउदिनिन्कास’ ही चतुर्थी; ‘विएता’ म्हणजे स्थान, त्यावरून ‘विएतिनिन्कास’ ही सप्तमी. संप्रदान आणि अधिकरण ही आपली कारकनामे याच धाटणीची असल्यामुळे पंचमी-षष्ठीच्या क्रमांकांपेक्षा तीच येथे अधिक उपयोगी पडतील.

पुरवणी

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त सप्तमीविषयी थोडी भर घालतो. ‘नामे’ म्हणजे ‘घरात’ आणि ‘नामिए’ म्हणजे ‘घरी’, असा भेद लिथुआनियन करते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो समजावून सांगावा लागतो. मराठी माणसाला ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरात आहे’ ही दोन वाक्ये पुरेशी आहेत. मात्र ‘घरी जातो’ असे म्हणताना आपले ‘घरी’ तेच राहते आणि लिथुआनियनमध्ये तेथे ‘नामो’ हे तिसरे रूप येते.

एका रूपाला दोन नावे देण्याच्या प्रश्नात लॅटव्हियनचे उदाहरणही लक्षात घ्यावे. त्या भाषेच्या पारंपरिक कोष्टकांत तृतीयेचे घर वेगळे दाखवतात, परंतु ‘आर’ या शब्दयोगी अव्ययानंतर येणारे ते रूप एकवचनात द्वितीयेचे असते आणि अनेकवचनात चतुर्थीचे. तृतीयेचे स्वतःचे असे रूप तेथे उरलेलेच नाही, आणि म्हणून हे घर कोष्टकात ठेवावे की काढून टाकावे, याविषयी व्याकरणकारांमध्ये एकमत नाही.