डोअर क्लोजर: एका खोलीचं दार आपटतं, दुसऱ्या खोलीचं मिटत नाही. काय करावं? (गुहागर)

नारळीखालचं_घर
नमस्कार मंडळी. गुहागरला आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. समुद्र इतका जवळ की रात्री लाटांचा आवाज खोलीत येतो. दारं फणसाच्या लाकडाची, ३ फूट रुंद, ७ फूट उंच. पडवीतून आत उघडतात, तोंड पश्चिमेला. चार वर्षांपूर्वी चारही दारांना एकाच कंपनीचे डोअर क्लोजर (दार आपोआप हळू मिटवणारे) बसवले, कारण पाहुणे एसी चालू ठेवून दार उघडं टाकून समुद्रावर जातात.

आता २ नंबरचं दार धाडकन आपटतं. परवा एका पाहुण्यांच्या लहान मुलीचा हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून माझ्या पोटात गोळाच आला आहे. क्लोजरच्या खाली दारावर तेलाचा ओघळ दिसतो. ४ नंबरचं नेमकं उलट. आषाढ लागल्यापासून ते चौकटीच्या चार बोटं अलीकडेच थांबतं, पुढे हाताने ढकलावं लागतं.

बजेट दारामागे १५०० रुपये, दोन्ही मिळून ३००० च्या वर नाही. गणपतीला खोल्या भरलेल्या आहेत आणि तोवर सुतार मिळणार नाही. क्लोजर दुरुस्त होतो का? नवीन घ्यायचा तर कुठला घेऊ?

ठाणेकर_मूळ_देवरुख
ताई, वर दिसणारे क्लोजर घेऊच नका. दाराच्या वरच्या कडेत लपणारा मिळतो, बाहेरून काही दिसत नाही. आमच्या फ्लॅटमध्ये तीन बसवलेत, साडेसहा हजारांना एक. तीन वर्षांत आवाज म्हणून नाही. पाहुण्यांवर छाप पडते ती अशा गोष्टींनीच. एकदाच खर्च करा.

मालवणी_बाजार
गो ताई, नवीन घेव नको. तेल संपला म्हणान दार आपटता. माझ्या दुकानाच्या दाराक असोच क्लोजर होतो. मी तेचो स्क्रू काढून शिलाई मशीनचा तेल भरलंय. दोन वर्सां झाली, अजून चलता हा. खर्च वीस रुपये.

पाना_पकड
मी रत्नागिरीत पंधरा वर्षं दारं-खिडक्यांच्या फिटिंगची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी पैसे काढू नका, आधी हाताने तपासा. ४ नंबरचं दार पूर्ण मिटवून घ्या आणि मगच क्लोजरच्या दांडीचा स्क्रू काढून दांडी मोकळी करा. दार उघडं असताना सोडलीत तर आतल्या स्प्रिंगच्या ताकदीने दांडी फटकन फिरते आणि बोटांवर बसते. दांडी सुटली की दार नुसतं हाताने हलवून बघा. तरीही चार बोटं अलीकडे अडत असेल तर क्लोजर निर्दोष आहे. दार फुगलं आहे किंवा बिजागरी उतरली आहे. पावसाळ्यात मला येणाऱ्या दहा फोनांपैकी सहा-सात फोन अशाच दारांचे असतात आणि लोक नवा क्लोजर घेऊन तयार बसलेले असतात.

दुसरी तपासणी म्हणजे खोलीची खिडकी उघडा आणि दार सोडा. खिडकी उघडी असताना दार नीट मिटलं आणि बंद असताना नाही, तर आत कोंडलेली हवा दाराला परत ढकलते आहे. एसीच्या घट्ट खोल्यांत हे हमखास होतं.

आता स्क्रू. क्लोजरच्या टोकाला दोन बारीक स्क्रू असतात, बहुतेकांवर १ आणि २ लिहिलेलं असतं. १ ने दार उघड्यापासून जवळपास चौकटीपर्यंत येण्याचा वेग ठरतो. २ ने शेवटच्या वीतभर अंतराचा वेग ठरतो, म्हणजे लॅच बसतं की नाही ते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की दार हळू, उलट फिरवलं की जोरात. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी दार तीन-चारदा उघडून मिटवून बघा, मग पुढचा पाव आटा. काटकोनात उघडलेलं दार पाच ते सात सेकंदांत मिटलं की समजा जमलं. आणि स्क्रू कधीही पूर्ण बाहेर काढू नका. आत तेल दाबाखाली असतं, पिचकारी उडते आणि क्लोजर तिथेच संपतो.

२ नंबरच्या दारावर ओघळ आहे म्हणजे तेल आत धरून ठेवणारं सील गेलं. दाराचा वेग आवरणारं तेलच गेल्यावर नुसती स्प्रिंग उरते, म्हणून आपटतं. तो बदलावाच लागेल.

मालवणी_बाजार
दादा, बदलूक कित्याक व्हयो? माझो चलता ना!

पाना_पकड
तुमचा चालतोय, चांगलं आहे. पण सील फाटलेलं असेल तर नवं तेलही त्याच वाटेने बाहेर येतं. शिवाय आत हवेचा बुडबुडा राहिला की दार मध्येच निसटतं, एकदा हळू तर एकदा जोरात. दुकानाच्या दाराला चालेल. ताईंकडे लहान मुलं येतात.

वाशिष्ठी_काठ
चिपळूणहून. काहीही करा, पण फ्लोअर स्प्रिंग बसवू नका. माझ्या दुकानाच्या काचेच्या दाराला होती, जमिनीतल्या खड्ड्यातली. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्या पेटीत चिखल बसला. पाणी ओसरल्यावर वरचं स्टीलचं झाकण काढलं तर आत घट्ट काळी साय. धुतली, वाळवली, आठ दिवस उन्हात ठेवली. दार अर्धं उघडायचं आणि तिथेच राहायचं. शेवटी फोडून काढावी लागली आणि फरशीही गेली. त्या महिन्यात दुकानातलं काय काय गेलं ते सांगत नाही, पण त्या दाराची चीड अजून जात नाही.

ठाणेकर_मूळ_देवरुख
फ्लोअर स्प्रिंगचं कोणी बोललंच नव्हतं. मी लपणाऱ्याचं म्हणत होतो. तो वर असतो, पाणी येणार कुठून?

पाना_पकड
त्यासाठी दाराच्या वरच्या कडेत लांब खाच कोरावी लागते. फणसाचं जुनं दार भर पावसात कोरायला मी कोणालाही सांगणार नाही. आणि ताईंनी १५०० म्हटलं आहे.

सड्यावरचा
तेल गळतंय तर नवीनच घ्या. मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून चार आणले होते, प्रत्येकी बाराशेच्या आत. सोबत आलेले लोखंडी स्क्रू मात्र पहिल्याच पावसाळ्यात गंजले. सहा महिन्यांनी डोकी नुसती भुगा. स्टेनलेसचे घ्या.

हर्णैवाला
स्टेनलेस म्हणजे ३०४ ग्रेडचं नाही, ३१६ ग्रेडचं. खाऱ्या हवेत ३०४ वरही तांबूस डाग पडतात. होडीवर आम्ही ३१६ च वापरतो.

सड्यावरचा
होडी रोज खाऱ्या पाण्यात असते. पडवीच्या आतल्या दाराला ३०४ पुरे. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवा, माझे पाच वर्षं चकचकीत आहेत.

हर्णैवाला
पाच वर्षांनी बोलू. माझ्या वडिलांनी लावलेल्या पितळी बिजागऱ्या चाळीस वर्षं तशाच आहेत.

केळशीची_लेक
क्लोजर कुठलाही घ्या, पण वादळात त्याच्या भरवशावर दार सोडू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या मागच्या दाराला फक्त क्लोजर आणि लॅच होतं. वाऱ्याने दार आत फेकलं. क्लोजरची पट्टी चौकटीच्या फळीसकट उपटून आली आणि दार भिंतीवर आपटून मधोमध तडकलं. ज्या दारांना वर-खाली कड्या घातल्या होत्या ती तशीच राहिली. ताई, तुमच्या दारांना खालची कडी आहे ना? पश्चिमेचं तोंड आहे म्हणून विचारते.

नारळीखालचं_घर
आहे, वर आणि खाली दोन्हीकडे, पितळी. सासूबाईंच्या आग्रहामुळे राहिल्या.

पाना_पकड दादा, तुम्ही सांगितलं तसं आज सकाळी केलं. ४ नंबरची दांडी सोडून दार हाताने ढकललं, तिथेच अडलं. कागदाची पट्टी दार आणि चौकटीमध्ये धरून वरपासून खाली सरकवत नेली. कुलपाच्या बाजूला वरच्या दीड फुटात ती जातच नाही. तिथलं पॉलिशही घासून पांढरं पडलंय. खिडकी उघडूनही फरक नाही. २ नंबरचे दोन्ही स्क्रू पाव-पाव आटा करत पूर्ण आवळले, तरी दार तसंच आपटतं.

सड्यावरचा
मग ४ ला रंधा मारा की. वरच्या दीड फुटात दोन हात मारले की मोकळं.

दशावताराची_पेटी
अहो, श्रावणात रंधा मारू नये! माझे वडील कुडाळला सुतारकाम करायचे. पावसात दार किसून घेणारं गिऱ्हाईक मार्चमध्ये परत येतं म्हणायचे, फट पडली म्हणून. आत्ता फुगलंय ते वाळल्यावर परत बसेल. तोवर घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा, लॅचच्या जिभेवरही चोळा. आणि दिवाळीनंतर लाकूड कोरडं झालं की दाराची वरची आणि खालची कड बघा. पॉलिशवाले समोरून चकाकी आणतात आणि या दोन कडा कोऱ्या सोडतात. लाकूड तिथूनच पाणी पितं. त्या कडांना दोन हात पॉलिश किंवा रंग द्या, पुढच्या पावसात निम्मा त्रास कमी होईल.

पाना_पकड
शंभर टक्के बरोबर. कडांचं मी लिहायला विसरलो.

तर ४ ला काही घेऊ नका, २ ला एक नवीन घ्या. क्लोजरच्या ताकदीचा नंबर बघून घ्या, दाराच्या नंबरशी त्याचा संबंध नाही. युरोपियन मानक ईएन ११५४ प्रमाणे २ नंबरचा क्लोजर ८५० मिमी रुंद आणि ४० किलोच्या दारापर्यंत, ३ नंबरचा ९५० मिमी आणि ६० किलोपर्यंत. खोक्यावर छापलेलं असतं. तुमचं दार ३ फूट म्हणजे ९१४ मिमी, तेव्हा ३ नंबर. जाडी किती?

नारळीखालचं_घर
३५ मिमी.

पाना_पकड
म्हणजे वजन ४०-४५ किलोच्या आसपास. ३ नंबरच घ्या. २ नंबर स्वस्त मिळतो, पण तुमच्या वाऱ्यासमोर दार लॅचपर्यंत नेणार नाही. आणि ४ नंबरचा क्लोजर घेतलात तर लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना दार उघडवत नाही, तेही बघा.

नवीन_सदस्य_पेण
तेल गळत असेल तर बदलावा लागतो. रत्नागिरीला किंवा मुंबईला चांगले मिळतात. ३१६ चे स्क्रू घ्या.

ठाणेकर_मूळ_देवरुख
एकदाच साडेसहा हजार घातले असते तर एवढी चर्चाच लागली नसती, असं माझं मत कायम आहे.

नारळीखालचं_घर
सगळ्यांचे आभार. बहुतेक जण निदान एक तरी नवा घ्या म्हणताहेत, पण मी सध्या एकही घेतला नाही. काय केलं ते लिहिते.

४ नंबरचा क्लोजर चांगला आहे आणि आत्ता त्या दाराला त्याचा उपयोग शून्य, हे तुमच्या तपासणीवरून कळलं. दोन्ही दारं एकाच मापाची आणि एकाच हाताची (बिजागऱ्या एकाच बाजूला), क्लोजरही एकाच कंपनीचे. म्हणून ४ चा काढून २ ला बसवला. क्लोजरच्या वेगाच्या स्क्रूंचं तोंड आधीसारखंच बिजागरीकडे ठेवलं. २ ची जुनी भोकं सैल झाली होती. त्यात बांबूच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, एक रात्र सुकू दिल्या, कडेला कापल्या आणि त्यात नवे स्टेनलेसचे स्क्रू पिळले. हे ह्यांनी केलं, मी बॅटरी धरली. मग १ चा स्क्रू पाव आटा घट्ट, २ चा पाव आटा सैल. मोबाईलवर वेळ लावली, सहा सेकंद. लॅच टक् करून बसतं आणि मुलं मध्ये आली तरी दार हाताने सहज थांबतं.

४ नंबरला क्लोजर नाही. मेणबत्ती चोळली, आता हाताच्या एका दाबात मिटतं. गणपतीत ती खोली आम्ही दरवर्षी येणाऱ्या आजी-आजोबांना देतो. त्यांना दार उघडंच लागतं, म्हणून भिंतीवर पितळी हूक लावला, वाऱ्याने दार फिरू नये म्हणून. एसी ते लावतच नाहीत. खर्च झाला एकशे साठ रुपये, स्क्रू आणि हूक धरून.

पाना_पकड
ताई, हे माझ्या डोक्यात आलं नाही, खरंच. एक करा. काड्या घातलेल्या भोकातले स्क्रू आठ दिवसांनी परत आवळून बघा. दाराची ओढ सगळी त्यांच्यावर येते.

सड्यावरचा
तरी दिवाळीनंतर ४ ला एक घ्याच. बाराशेच्या आत मिळतो.

मालवणी_बाजार
जुनो क्लोजर टाकू नको गो ताई. माका दी, मी तेल भरून बघतंय.

नारळीखालचं_घर
आठ दिवस झाले, आज बघितले. चारपैकी वरचा एक स्क्रू अर्धा आटा ढिला झाला होता, आवळला. बाकीचे तीन घट्ट आहेत. दार अजून सहा सेकंदांतच मिटतंय.