मदत हवी आहे: वीस महिन्यांची मुलगी जेवत नाही, आणि वरच्या दातांवर पांढऱ्या रेघा दिसतायत

अबोली१२:
लेक २० महिन्यांची आहे. वजन ९ किलो ४०० ग्रॅम, सोळाव्या महिन्यात बरोबर ९ किलो होतं. दात वर चार, खाली चार, पहिल्या चारही दाढा आल्यात, सुळे फुटतायत. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, ताप-जुलाब-खोकला काही नाही.

दिवस असा जातो: उठल्यावर १८० मिली दूध. नऊच्या सुमारास सासूबाईंच्या चहात बुडवून दोन बिस्किटं. अकराला दूध. एकला वरण-भात, चार घास घेते, पाचवा गालात धरून बसते, अर्ध्या तासाने तसाच बाहेर काढते. मग भूक असेल म्हणून दूध, त्यावर झोप. दुपारभर येताजाता खजूर, मनुका, कुरमुरे. रात्री पुन्हा तीच लढाई, झोपताना दूध आणि पहाटे तीनच्या आसपास एकदा दूध. सगळं बाटलीने, प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर. ब्रश दिसला की तोंड मिटते. पेस्ट 'गिळली तरी चालेल' अशी फ्लोराइड नसलेली आणली आहे.

आठवड्यापूर्वी वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी रेघ दिसली. कॅल्शियम कमी पडतंय का? भुकेचं टॉनिक सुरू करू का? आणि रात्रीचं दूध तोडलं तर उपाशी झोपेल ना?

दंतकथा:
आधी एक तपासा. स्वच्छ कोरडं सुती कापड बोटाला गुंडाळून ती रेघ पुसा. पुसली गेली तर तो नुसता दुधाचा आणि जंतूंचा चिकट थर. पुसून, दात कोरडा झाल्यावर रेघ जास्तच उठून दिसली तर ती कीड लागण्याची पहिली पायरी. दुसरं, खालचे चार दात स्वच्छ आहेत ना? असतील तर निदान जवळजवळ झालंच. बाटली ओढताना जीभ खालच्या दातांवर पसरते आणि लाळेच्या दोन मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात, म्हणून ते वाचतात. वरचे मात्र दुधात भिजत राहतात.

कॅल्शियमशी याचा संबंध नाही. जे दात हिरडीबाहेर आले त्यांचं वरचं कवच आधीच बनून झालंय, पोटातून दिलेलं कॅल्शियम तिथे पोचत नाही. होतं ते असं: तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल बनवतात, दातावरच्या थराचा सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की कवचातली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हे आम्ल निववते, पण तिला अर्धा तास तरी लागतो. तुम्ही लिहिलेल्या दिवसात अशी आठ-दहा वेळा खेप होते आणि त्यातल्या तीन झोपेत, जेव्हा लाळ जवळपास आटलेली असते. साखर एकूण किती गेली यापेक्षा ती किती वेळा गेली हे दाताला जास्त महाग पडतं.

चांगली बाजू अशी की पांढरी रेघ उलटवता येते. पिवळी-तपकिरी होऊन तिथे खड्डा पडला की नाही येत. मुलांच्या दंतवैद्यांकडे याच आठवड्यात जा. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे दाताला चिकटून राहणारा लेप, लावतील, दोन-तीन मिनिटांचं काम आहे. अशा मुलांना ते साधारण दर तीन महिन्यांनी लागतं. खड्डा पडलेला असेल आणि मूल बसूच देत नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड थोपवता येते. पण किडलेला भाग कायमचा काळा दिसतो, हे आधी कळलेलं बरं.

आणि 'दुधाचे दात, पडणारच आहेत' असं घरात कोणी म्हणालं तर सांगा की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, खालून येणाऱ्यांची जागा त्या धरून ठेवतात.

सदू_काका:
साखरेऐवजी गूळ किंवा खजुराची पूड घाला की. नैसर्गिक असतं ते.

दंतकथा:
काका, जंतूला नैसर्गिक-अनैसर्गिक कळत नाही. गूळ म्हणजे बहुतांश साखरच. खजूर आणि मनुका तर दाढेच्या खाचेत चिकटून बसतात, ते धुऊन निघायला लाळेला फार वेळ लागतो. खजूर द्यायचाच तर जेवणासोबत, वर पाणी. बिस्किट आणि कुरमुऱ्याचंही तेच, त्याचा लगदा खाचेत बसतो. चव अजून बनतेय, दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच.

मेतकूट:
मी भुकेच्या बाजूने लिहिते. पाच बाटल्या म्हणजे ९०० मिली. गाईचं दूध धरलं तरी १०० मिलीत साधारण ६५ कॅलरी, म्हणजे ५८५. पाच चमचे साखरेच्या आणखी शंभरेक. झाले सुमारे ६८५. या वजनाच्या मुलीला दिवसाला साधारण ७५० ते ८०० पुरतात. उरली जागा बिस्किटांनी भरली. जेवायला ती बसते तेव्हा पोट खरंच भरलेलं असतं, तो हट्ट नाही. जेवत नाही म्हणून दूध आणि दूध म्हणून जेवत नाही, असा फेरा आहे हा. दात आणि भूक दोन्ही त्यातच अडकलेत.

लोहाचं गणित आणखी वाईट. या वयाला रोज ८ मिलिग्रॅम लोह लागतं, ९०० मिली दुधात एक मिलिग्रॅमही नसतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन दोघंही जेवणातलं लोह अडवतात. लोह कमी झालं की भूक मरते, मूल किरकिरं होतं, भिंतीचे पोपडे किंवा माती खातं. जास्त दुधाने शौचाला खडा होतो, त्यानेही भूक जाते. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या. २० महिन्यांच्या मुलीचं मध्यम वजन १०.६ किलोच्या आसपास असतं, वाढीच्या तक्त्यातली खालची रेषा ८.४, म्हणजे ९.४ला घाबरायचं कारण नाही. पण या चार महिन्यांत साधारण ८०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, तिची निम्मी झाली. आकड्यापेक्षा ही मंदावलेली वाढ डॉक्टरांना दाखवा.

भुकेच्या बऱ्याच टॉनिकांत सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध, झोप आणतं, बंद केलं की भूक पुन्हा होती तिथे. वर पाक गोड. डॉक्टरांनी मोजून दिल्याशिवाय नको.

आता वेळापत्रक. दूध ४०० मिलीवर आणायचं, दही धरून. साडेसात, सव्वादहा, पाऊण, चार आणि सव्वासात, अशा पाच वेळा. मध्ये फक्त पाणी. एक मनुकाही नाही, कारण तेवढ्यानेही भूक पांगते. प्रत्येक पदार्थ एक ते दीड टेबलस्पून वाढा, जास्त नाही; भरलेलं ताट बघूनच ही मुलं मागे सरतात. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचला, रागावणं नाही आणि बदली दूधही नाही. काय, कधी, कुठे हे तुम्ही ठरवायचं; खायचं की नाही आणि किती हे तिने. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही विभागणी आहे. नवीन पदार्थ आठ-दहा वेळा ताटात दिसल्याशिवाय 'आवडत नाही' ठरवू नका. नुसता चिवडून टाकला तरी ती एक वेळ धरायची.

अबोली१२:
हिशेब वाचून धस्स झालं. रात्रीचं दूध तोडायचं कसं? एकदम बंद करू? आणि गालातल्या घासाचं काय?

मेतकूट:
एकदम नको. आधी साखर: तीन दिवस अर्धा चमचा, तीन दिवस पाव, मग शून्य. पुढे दिवसाचं दूध फुलपात्रात, एका वेळी १२० मिली. सांडेल, सांडू दे. पहाटेची बाटली शेवटी घ्या: १८० मिलीतून दर दोन रात्रींनी ३० कमी. बाराव्या रात्रीनंतर त्या वेळेला फक्त पाणी. झोपतानाचं दूध अर्धा तास अलीकडे ओढा, बसून, फुलपात्रातून. मग ब्रश, मग गोष्ट, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. बहुतेक घरांत हे तिसऱ्या-चौथ्या रात्री कोसळतं. मूल दिवसा अजून नीट खात नसतं, रात्री रडतं, आणि कुणीतरी दया येऊन पूर्ण बाटली देतं. त्यातून ती एवढंच शिकते की पुरेसं रडलं की बाटली येते. घरातल्या सगळ्यांचं आधी ठरलेलं असू द्या. अंगावरचं दूध असतं तर दोन वर्षं आणि पुढेही चाललं असतं, पण तेव्हाही झोपण्याआधी दात घासणं आलंच.

घास गालात राहतो याची कारणं तीन: पोट भरलेलं असतं, येणाऱ्या सुळ्यांनी हिरडी ठणकते, किंवा घास इतका गुळगुळीत असतो की चावायचं कामच पडत नाही. मिक्सर बंद करा. काट्याने किंवा हाताने कुस्करा. घास तोंडात असताना पुढचा भरवू नका, एक घोट पाणी द्या. आणि झोपवण्यापूर्वी गालाच्या आत बोट फिरवून बघा. भाताचा गोळा रात्रभर दाढेशी राहिला तर ती दाढ गेलीच समजा.

वरण-भातात एक चूक घरोघरी होते, वरणाचं वरचं पाणी मुलाला आणि डाळ मोठ्यांना. पाण्यात प्रथिनं जवळपास नसतात. भात दोन भाग तर घट्ट डाळ एक भाग, वर चमचाभर तूप. अर्धं अंडं, पनीरचे बोटाएवढे तुकडे, खिमा, काटे काढलेला मासा, दाण्याचं कूट, यातलं रोज काहीतरी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, कच्च्या गाजराच्या चकत्या मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, श्वासात अडकतात.

हातात धरून खायला धिरडं उत्तम. पाव वाटी मुगाची डाळ तीन तास भिजवून अगदी थोड्या पाण्यात वाटा. त्यात दोन टेबलस्पून नाचणीचं पीठ, मूठभर किसलेला दुधी, जिरं, चिमूटभर मीठ. दुधीचं पाणी सुटतं, म्हणून पीठ आधी घट्टच ठेवा. पातळ झालं की धिरडं आतून चिकट राहतं, टाळूला डकतं, आणि मूल थुंकतं. तूप सोडून, झाकण ठेवून मंद आचेवर. कडेचा कुरकुरीत भाग कापून टाका, सुळे फुटताना तो टोचतो. बोटाएवढ्या पट्ट्या करा आणि वर लिंबाचे चार-पाच थेंब, लोह शोषायला मदत होते. लिंबू सरबत मात्र नको, ती साखर अधिक आम्ल.

दंतकथा:
ब्रशचं सांगायचं राहिलं. दोन मोठ्यांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. मूल एकाकडे तोंड करून, पाय त्याच्या कमरेभोवती. मग आडवं करून डोकं दुसऱ्याच्या मांडीत. ज्याच्या मांडीत डोकं तो ब्रश करतो, दुसरा हात धरतो. वरचा ओठ उचलला की मधोमध एक पातळ पडदा दिसतो. ब्रशचं डोकं त्यावर आपटलं की झोंबतं. 'ब्रश आवडत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांचं खरं दुखणं एवढंच असतं. तर्जनी त्या पडद्यावर आडवी ठेवा आणि तिच्या आडोशाने, केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून, लहान-लहान गोल फिरवा. बारा दातांना एक मिनिट पुरे. रडली तर तोंड उघडंच असतं, काम लवकर होतं.

पेस्ट १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची घ्या. आकडा ट्यूबवर छापलेला असतो, लहान मुलांच्या कितीतरी पेस्टमध्ये तो निम्मा किंवा शून्य असतो. प्रमाण तांदळाच्या एका दाण्याएवढं, केसांत दाबून बसवलेलं. म्हणजे ०.१ ग्रॅम, सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. वाटाण्याएवढी तीन वर्षांनंतर. नंतर चूळ भरायला लावू नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे बोअरचं पाणी पीत असाल तर आधी पाणी तपासा, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर पेस्ट दंतवैद्यांना विचारून.

अबोली१२:
अंगणवाडीतून लोहाचं औषध मिळालंय. पण त्याने दात काळे होतात म्हणे?

दंतकथा:
वरवरचा डाग येतो, कीड नाही. दंतवैद्य पाच मिनिटांत घासून काढतात. ड्रॉपर जिभेच्या मागच्या बाजूला, गालाकडे सोडा आणि वर पाणी पाजा.

मेतकूट:
ते औषध आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली (त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं). दुधासोबत नाही, तासाभराचं अंतर. हिमोग्लोबिन कमी निघालं तर उपचाराचा डोस वेगळा, तो डॉक्टर वजनावर ठरवतात. जंताची गोळीही विसरू नका, दोन वर्षांखाली अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरून.

पुढच्यांपैकी काही दिसलं तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवून थेट डॉक्टर: दोन महिने वजन हललं नाही, दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला, गिळताना ठसका लागतो, तळहात पांढुरके दिसतात, किंवा हिरडीवर पुटकुळी आली.

अबोली१२:
शेवटचं. सासूबाईंना चहा-बिस्किटाचं कसं सांगू? त्यांचा जीव आहे तिच्यावर.

मेतकूट:
'देऊ नका' म्हणालात तर लपवून दिलं जाईल. चारची वेळ त्यांच्या ताब्यात द्या. धिरड्याच्या पट्ट्या, दही, केळ्याची फोड, भरवायचं त्यांनीच. सकाळचा चहा त्यांनी ती साडेसातला खात असतानाच घेतला तर तिचे हात रिकामे नसतील. आणि वजन दर आठवड्याला करत बसू नका, उगाच घरात वाद होतात. महिन्याने एकदा, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत, सकाळी शौचानंतर.