गेममधलं रंग बदललेलं पात्र कुणाचं? पोराचं की मूळ चित्रकाराचं?

परभणीचा मास्तर

मी परभणीत कॉम्प्युटरचा छोटा क्लास चालवतो. माझ्याकडच्या अकरावीतल्या एका पोरानं उन्हाळ्याच्या सुट्टीत गेम बनवला. परभणीहून तुळजापूरला पायी निघालेला गोंधळी. वाटेतल्या गावांत कुणाकुणाच्या घरी गोंधळ घालायचा आणि दिवटी विझायच्या आत पुढचं गाव गाठायचं. गोष्ट, कोडिंग, गावांचे नकाशे सगळं त्याचं. चालणारा माणूस मात्र त्यानं काढलेला नव्हता. 2012 मध्ये लिबरेटेड पिक्सेल कप नावाची स्पर्धा झाली, तिच्यातून सगळ्यांना वापरायला मोकळा असलेला चित्रसंच तयार झाला. त्यातला माणूस घेऊन त्यानं गिंप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये रंग बदलले.

एका कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षकांनी "पात्राचे फक्त रंग बदललेत" एवढं ऐकलं आणि कलेचे वीसपैकी शून्य मार्क दिले. "ही चोरी आहे," असं सगळ्यांसमोर म्हणाले. पोरगं तेव्हापासून क्लासला येईना.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही चोरी नाही, आणि बिनकष्टाचं काम तर मुळीच नाही. चालण्याची एका दिशेची 9 चित्रं, चार दिशांची मिळून 36. सुरुवातीला त्यानं प्रत्येक चित्रात बादलीच्या टूलनं रंग ओतला. कडेचे फिकट पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक चौकोनी ठिपके, तसेच राहिले आणि माणूस चालायला लागला की अंगाभोवती पांढरी किनार लुकलुकायची. सदरा पांढरा होता, तो शेंदरी करायला ह्यूची, म्हणजे रंगछटा फिरवायची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली, काहीच होईना. पांढऱ्या-करड्यात रंगच नसतो, तर फिरणार काय? मग मी त्याला इंडेक्स्ड मोड दाखवला. त्यात चित्रातल्या रंगांची एक ठरावीक यादी असते आणि प्रत्येक पिक्सेल फक्त यादीतला नंबर लक्षात ठेवतो. यादीतला एक रंग बदला, 36 च्या 36 चित्रांत बदलतो. पोरगं खूश झालं. गोंधळी अनवाणी हवा म्हणून बुटाचा तपकिरी रंग कातडीचा केला, तर डोक्यावरचे केसही कातडीचे झाले. दोन्हीकडं एकच नंबर होता. मग केसांसाठी यादीत नवा रंग घालून 36 चित्रांतले केस हातानं वेगळे काढले. तीन दिवस गेले. याला शून्य?

आणि ही रीत जुनीच आहे. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये दुसऱ्या खेळाडूचा लुइजी म्हणजे रंग बदललेला मारिओच. ढग आणि झुडपं एकाच चित्राची. त्या अख्ख्या गेमला 40 केबी जागा होती आणि त्यातली चित्रांना 8. एका स्प्राइटला, म्हणजे हलणाऱ्या चित्राला, पारदर्शक सोडून तीनच रंग मिळायचे. 1992 च्या मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेममधले स्कॉर्पियन आणि सब-झीरो हेही एकाच नटाच्या चित्रीकरणावरून, पोशाखाचा रंग बदलून केलेले. जगानं त्यांना डोक्यावर घेतलं. आमच्या पोराला का चोर म्हणायचं?

गोदाकाठ, नांदेड

मास्तर, चारचौघांत पोराला चोर म्हणणं चूकच. त्याबद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. पण शून्य मार्क मला पटतात.

मी पिक्सेल चित्रं काढतो, त्यावरच माझं घर चालतं. मागं मी देवणी जातीच्या बैलांची जोडी काढली होती, वखर ओढणारी. काळे-पांढरे ठिपके सोपे होते. चार रात्री गेल्या त्या पायांवर. बैल ओझं ओढताना खांदा आधी खाली जातो, मग मागचा पाय रेटतो, हे साध्या चालीत दिसत नाही. गावाकडं जाऊन वखर चालू असताना बांधावर बसून बघितलं, तेव्हा जमलं. पुढं एकानं तीच जोडी उचलली, ठिपके घालवून सपाट लाल केली, "लाल कंधारी" असं दुसऱ्या जातीचं नाव दिलं आणि आपल्या संचात विकायला ठेवली. मी विचारलं तर म्हणतो, "रंग वेगळा आहे ना दादा, मग ती तुमची कशी?"

देवणी अंगानं थोराड, कंधारी मध्यम बांध्याची. ज्याच्या दावणीला दोन्ही होते तो लांबून सांगेल की हा लाल रंगवलेला देवणी आहे. रंगानं जात बदलत नाही. तसंच शेंदरी अंगरख्यानं गोंधळी होत नाही. कवड्यांच्या माळा कुठायत? संबळ कुठंय?

मारिओचं उदाहरण इथं लागू होत नाही. तो गेम करणाऱ्यांनी स्वतः काढलेल्या चित्राचा रंग बदलला. घर आपलं असेल तर भिंतीला कुठलाही रंग द्या.

उदगीरकर

वकिली करतो म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करतो, नाहीतर भांडण नुसतंच वाढेल.

लिबरेटेड पिक्सेल कपचा मूळ संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं काम इतरांना मोकळं करायच्या परवान्यांपैकी, बाय-एसए परवान्यावर आहे. त्यात बदल करायची, विकायचीसुद्धा मुभा आहे. अटी अशा: मूळ चित्रकारांची नावं द्यायची, आपण काय बदललं ते सांगायचं आणि बदललेलं चित्र त्याच परवान्यावर पुढं मोकळं ठेवायचं. पोरानं हे केलं असेल तर चोरी हा शब्द परीक्षकांनी परत घ्यायला हवा. त्यांच्याच सीसी-झीरो परवान्याला एवढीही अट नसते. पण परवान्यात एनडी, म्हणजे 'बदल नको', ही अक्षरं दिसली की रंग बदललेली प्रत वाटायची नाही.

गोदाकाठ दादांची केस अगदी निराळी. परवानगी नाही, नाव नाही, वर विक्री. कॉपीराइट कायदा 1957, कलम 57 बघा. हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा चित्रकाराचा अधिकार जात नाही. नोटीस पाठवा.

मास्तर, पोरानं नावं कुठं दिली होती?

परभणीचा मास्तर

शेवटच्या स्क्रीनवर, इंग्रजीत. परीक्षक तिथवर खेळलेच नाहीत. काय बदललं ते मात्र लिहिलं नव्हतं, ही माझीही चूक. मीच त्याला सांगायला हवं होतं.

पैठणकर

आमच्या घरात तीन पिढ्या पैठणीचा माग आहे, म्हणून बोलतो. मोर, कमळ, आसावली, नक्षी पिढ्यानपिढ्या तीच. माझ्या आजोबांनी विणलेला मोर मी विणतो, आजोबांची परवानगी लागत नाही. रंग मात्र दरवेळी नवा. आणि रंग बदलणं हे आमच्यात वरवरचं काम नाही. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला की पदर हलवल्यावर धूपछाव दिसते. कुठल्या हिरव्याखाली कुठला लाल घालायचा हे वीस वर्षं मागावर बसल्यावर कळतं. त्यामुळं "फक्त रंग बदलला" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

पण मास्तर, आम्ही तयार पैठणी रंगात बुडवून दुसरी पैठणी करत नाही. नवा रंग म्हणजे नवी साडी पहिल्या धाग्यापासून विणायची. पोरानं विणलं किती आणि बुडवलं किती, हे त्यालाच विचारा. केस सोडवून वेगळे केले, ते विणकाम आहे. ते मी मानतो.

गोदाकाठ, नांदेड

हे पटलं. केस सोडवले त्याचे मार्क द्यायला पाहिजे होते. मी शून्य मागं घेतो. पण पूर्ण मार्क कलेचे म्हणून मागू नका.

जालन्याची

तुम्ही सगळे मालकीवर भांडायलात. मास्तरांनी मागं या गेमचा फोटो टाकला होता, तो मी नीट बघितला. गोंधळी गोरापान. वाटमारी करणारे चौघं तोच माणूस, फक्त कातडी काळी केलेली. कामून?

मी शाळेत शिकवते. वर्गातली निम्मी लेकरं त्या वाटमाऱ्यांच्या रंगाची आहेत. मीपण. परभणी ते तुळजापूर उन्हातान्हात पायी फिरणारा गोंधळी असा दुधासारखा राहील का? पोराचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. त्याला वेगळा माणूस पाहिजे होता आणि सगळ्यात सोपं काय तर कातडीचे चार रंग गडद करणं. पण सोप्या रंगबदलात हेच होतं. ज्यानं चित्र स्वतः काढलं असतं तो वाईट माणसाला डोळे देईल, चाल देईल, खांदे देईल. इथं सगळं कातडीवर भागवलं.

मालकी कुणाचीही असो, पण हे आधी बदला.

परभणीचा मास्तर

ताई, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुमचं लिहिणं घेऊन मी पोराच्या घरी गेलो होतो. त्यानं वाचलं आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, माझे आजोबा वाटमाऱ्यासारखे दिसतात." काल तो क्लासला आला.

आधी गोंधळ्याचा रंग घेतला. ब्राइटनेस कमी केला तर चेहरा राखेसारखा झाला, आजारी माणसासारखा. मग यादीतले कातडीचे रंग एकेक करून बदलले. सावलीचा रंग नुसता काळपट न करता तांबूस-जांभळ्याकडं नेला, उजेडाचा पिवळसर ठेवला. अर्ध्या तासात उन्हात रापलेला माणूस उभा राहिला. आजोबांचा फोटो शेजारी उघडा होता. वाटमाऱ्यांना आता तोंडाला फडकं आणि खांद्यावर घोंगडी आहे, ती त्यानं स्वतः काढली. कातडी सगळ्यांची सारखी.

कवड्यांची माळही घातली. एक कवडी म्हणजे दोन पिक्सेल, एक पांढरा, एक पिवळट करडा. समोरून आणि पाठीमागून जमली. माझं मत अजून तेच आहे, रंग बदलणं हे शिकण्याचं आणि मानाचं काम आहे. पण गोदाकाठ दादा, संबळावर येऊन अडलोय. बाजूनं चालताना ते कसं दाखवायचं?

गोदाकाठ, नांदेड

संबळ कमरेला बांधलेलं असतं, त्यामुळं बाजूच्या चालीत पुढचा हात झुलताना दाखवता येणार नाही. हात दोन्ही काड्यांवर आले पाहिजेत. म्हणजे डावीकडची 9 आणि उजवीकडची 9, अठराही चित्रांतले हात खोडून नवे काढावे लागतील. उजवीकडची उलटून डावीकडं वापरू नको म्हणावं, संबळाची मोठी-लहान वाद्यं बाजू बदलतील.

पहिली तीन काढून मला पाठवायला सांगा. खांद्यापासून सुरू कर म्हणावं, बोटांपासून नको.