मदत हवी आहे: गच्चीच्या पाइपापाशी पाणी तुंबतं, कोबा सगळा फोडावा का?

सोलापूर, जुना स्लॅब, वर ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उतार दिलेला थर). दोरी लावून उतार मोजला: 10 फुटांना जेमतेम पाऊण इंच, पाहिजे निदान सव्वा. त्यात पाइपाचं तोंड कोब्यापेक्षा अर्धा इंच वर. म्हणजे पाणी तिथंच थबकतं आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) वाट्यातल्या, म्हणजे भिंत आणि कोबा मिळतात त्या गोलसर कोपऱ्यातल्या, भेगेतून खाली झिरपतं. भेग नखाएवढी बारीक, पण चांगली चार फूट लांब. इथलं ऊन 42-43 अंशांवर जातं, दिवसा स्लॅब ताणतो, रात्री आकसतो. नुसतं सिमेंट भरलं की पुन्हा तडकतंच.

बेत असा: तोंडाभोवती 2 फूट कोबा फोडून पाइप खाली बसवायचा, भेग व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरायचं, नवा वाटा, मग जाळी घालून अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात. शेवटी 48 तास पाणी साठवून बघायचं.

अडलंय इथं: कोबा आतून ओला आहे. तसंच कोटिंग मारलं तर वाफ कोंडून फोड येणार. उन्हाळाभर वाळू द्यावा, की मुळासकट काढावा? (काढला तर स्लॅबवरचा भारही हलका होईल.) आणि जुन्या-नव्या कोब्याचा सांधा कसा घेता? आतून छताला पुट्टी-रंग मारा, हा सल्ला कृपया नको.