‘मलेरियाचा विषाणू’ : विषाणू, जंतू की परजीवी?

विचारणा : एका माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर तपासताना ‘मलेरियाच्या विषाणूशी लढणारी लस’ असे शब्द आढळले. ‘विषाणू’ खोडून मी ‘परजीवी’ लिहिले. परंतु सहकाऱ्यांच्या मते गावातल्या वाचकाला ‘जंतू’ अधिक कळेल. काय ठेवावे?

प्रतिसाद : ‘विषाणू’ खोडलात हे उत्तम. हिवताप ज्याच्यामुळे होतो तो प्लाझ्मोडियम एकपेशीय आदिजीव आहे. ॲनाफिलीस डासाची मादी चावली की तो रक्तात उतरतो, थोड्याच वेळात यकृतात शिरतो, तिथे वाढून रक्तातल्या तांबड्या पेशींत मुक्काम हलवतो आणि दर मुक्कामी रूप बदलतो, त्यामुळे त्याच्यावर लस बनवणे इतके अवघड गेले. ‘जंतू’ चूक नाही, पण ढोबळ आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणे हा अर्थ ‘परजीवी’तच येतो. (‘परोपजीवी’ही रूढ आहे, मात्र पत्रकात ते जड वाटेल.) पहिल्यांदा ‘परजीवी जंतू’ लिहावे आणि पुढे नुसते ‘परजीवी’.

दुसरा प्रतिसाद : मला ‘लढणारी’ अधिक खटकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये शिफारस केलेली आरटीएस,एस आणि 2023 मध्ये शिफारस केलेली आर21 (ऑक्सफर्ड विद्यापीठाची, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी) या दोन्ही लशी, परजीवीच्या डासातून येणाऱ्या रूपाच्या अंगावरचे एक प्रथिन शरीराला आधीच दाखवून ठेवतात. पुढे लढतात ती शरीराने बनवलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी), आणि तीही मुख्यतः यकृताच्या उंबरठ्याआधी. ताप चढलेल्या रुग्णाला ही लस औषध म्हणून उपयोगाची नाही, आणि ‘लढणारी’ वाचून नेमका तोच गैरसमज होईल. गंमत म्हणजे जखमेतून पाझरते तीही ‘लस’च, देवी रोगाच्या काळी फोडातली लसच टोचत असत. आर21 मधले प्रथिन यीस्टच्या पेशींत बनते, तरी नाव तेच राहिले.

विचारणाऱ्याचे उत्तर : मग वाक्य असे करतो : ‘हिवतापाचा परजीवी जंतू यकृतात पोचण्याआधीच त्याला ओळखून अडवायला शरीराला शिकवणारी प्रतिबंधक लस.’ लांबले खरे. जिल्ह्याच्या कचेरीवर पाटी ‘हिवताप अधिकारी’ अशी असली, तरी रुग्ण ‘मलेरिया’च म्हणतात, म्हणून शीर्षकात तो शब्द राहू देतो.