एमबीए नसेल तर एसएमई आयपीओ बघा

भाच्याने बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्सची पदवी) केलंय, एमबीए न करता इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये (कंपन्यांना भांडवल उभारून देण्याच्या कामात) शिरता येईल का, असं विचारलंत. सीएफएचा, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षा देण्याचा, सल्ला इतरांनी दिलाच आहे. तो करू दे सावकाश. पण बड्या परदेशी बँका बहुतेक मुलं कॅम्पसवरूनच उचलतात, तिथे नुसता बायोडेटा पाठवून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एसएमई आयपीओ, म्हणजे छोट्या-मध्यम कंपन्यांची पहिली जाहीर शेअरविक्री, हाताळणारे छोटे मर्चंट बँकर गाठा. नोंदणीकृत मर्चंट बँकरांची यादी शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या संकेतस्थळावर आहे, आणि त्यातले बरेच मुंबईतच आहेत.

काम किचकट असतं. डीआरएचपीत (आयपीओच्या प्रॉस्पेक्टसच्या, म्हणजे माहितीपत्रकाच्या, मसुद्यात) 'कंपनीची 14 गोदामं आहेत' असं एक वाक्य असलं, की चौदाही गोदामांचे भाडेकरार मागवून, तारखा तपासून फायलीला लावायचे. हे नव्या पोरांच्याच गळ्यात पडतं. (आणि करार हमखास बाराच सापडतात!)

मुलाखतीआधी त्याला नुकत्याच आलेल्या एखाद्या आयपीओचं प्रॉस्पेक्टस वाचायला सांगा, विशेषतः 'बेसिस फॉर इश्यू प्राइस' (शेअरचा भाव कशावरून ठरवला) हा भाग. तिथे ईपीएस (दर शेअरमागे नफा), पी/ई (भाव त्या नफ्याच्या किती पट) वगैरेंची लिस्टेड स्पर्धकांशी तुलना असते. तोच तक्ता एक्सेलमध्ये स्वतः मांडून, भाव रास्त की चढा, आणि का, हे त्याला सांगता आलं पाहिजे. पहिल्या वर्षीच्या पगाराचं मात्र फार मनावर घेऊ नका.