मदत हवी आहे: भजनाच्या वहीसाठी गडद काळी, न फुटणारी शाई

नमस्कार मंडळी,

मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका खेड्यात राहते. आमच्या भजनी मंडळाची जुनी वही पार जीर्ण झाली आहे. पान उलटलं की हातात येतं. ती नव्या वहीत उतरवायचं काम मी अंगावर घेतलं आहे, साधारण २०० पानं होतील. कोजागिरीपासून काकडा सुरू होतो, त्याआधी वही मंदिरात पोचली पाहिजे.

वाचणारे सगळे साठी-सत्तरीच्या पुढचे. पहाटेची वेळ, मंदिरात एक बल्ब, वही समोर पाटावर आणि हातात टाळ. म्हणजे दीड-दोन हातांवरून अक्षर दिसायला हवं. बॉलपेनची रेघ त्यांना पुरत नाही, मार्कर पाठीमागे उतरतो. माझा हात वडिलांच्या जुन्या शाईपेनवर बसलेला आहे. एबोनाइटचं (कडक रबराचं), ड्रॉपरनं शाई भरायचं, जाड निबचं पेन आहे.

अडचण शाईची. तालुक्याहून आणलेली पहिली शाई ओली असताना काळीभोर आणि वाळली की राखेसारखी. मामाजींनी (माझे सासरे, चाल तेच धरतात) पान दूर धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "काहीच दिसून नाही राह्यलं ना बाई. सारं पांढुरकं." दहा पानं पुन्हा लिहावी लागली.

दुसरी शाई गडद होती, पण कागदावर फुटायची. शिरोरेघेला बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. 'ब'च्या पोटातली रेघ बुजते आणि 'व'चं पोटही भरून जातं, म्हणजे 'विठोबा' लिहिलं की ब आणि व एकच. जुन्या माणसांना पाठ असतं म्हणून चालतं, पण नवीन पोरं काय म्हणतील?

तिसरी मोठी चूक. दुकानदारानं "एकदम पक्की काळी" म्हणून बाटली दिली, मी पेनात भरली. दोन दिवसांत पेन बंद. नंतर लेबल नीट वाचलं तर ती चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई. निबखालच्या जिभलीच्या खाचांत काळी खपली बसली आहे, पाण्यानं हलत नाही. वडिलांचं पेन आहे हो, फार जीव लागलेला आहे त्यात.

तर मला सांगा: वाळल्यावरही काळीच राहणारी, गुळगुळीत चालणारी, साध्या वहीवर न फुटणारी शाई कोणती? दवात भिजलेल्या बोटांनी पानं उलटतात, तेव्हा पाण्यालाही टिकली पाहिजे. आणि पेन वाचेल का?

प्रतिसाद (नागपूर)

ताई, आधी पेन. चित्रकलेच्या वॉटरप्रूफ शाईत लाख असते, आपल्याकडे पळसावर होते तीच. वाळली की तिचा थर बसतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. निब आणि जिभली ओढून बाहेर काढा. वाटीभर पाण्यात अमोनियाचे थोडे थेंब टाकून रात्रभर भिजवा, सकाळी मऊ ब्रशनं खाचा साफ करा. दोन-तीनदा करावं लागेल. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उतरतो. निब वेगळी झाली असेल तर ती एकटी स्पिरिटमध्ये बुडवली तरी चालेल, पण प्लास्टिकच्या कुठल्याही भागाला स्पिरिट लावू नका, तडे जातात.

आता वर्ध्याच्या आहात आणि एबोनाइटचं पेन आहे, म्हणून राहवत नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन करून गांधीजींना पाठवलं होतं. ते पोचलं गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या मार्फत, म्हणजे वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघातून. १९३५ साली गांधीजींनी आभाराचं पत्रही लिहिलं. तुमच्या पेनचं कूळ तेच. जपा.

प्रतिसाद (अमरावती)

शाईबद्दल मी सांगतो, मी रोज शाईपेननंच लिहितो.

आपल्या दुकानांतली बहुतेक शाई रंगाची असते. रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. कागद पाणी ओढून घेतो, रंगही त्याच्याबरोबर तंतूंमध्ये पसरतो, म्हणून वर राखाडी उरतं आणि कडेनं केस फुटतात. बाटलीवर 'परमनंट' लिहिलं म्हणजे पाण्यात टिकेल असं समजू नका.

दुसरा प्रकार पिगमेंटचा. त्यात काळे कण विरघळत नाहीत, तरंगत असतात. आपल्या जुन्या पोथ्या काजळ आणि डिंकाच्या शाईनं लिहिलेल्या, त्या अजून काळ्या आहेत त्या याच कारणानं. पण डिंकाची शाई बोरूसाठी, पेनात घातली तर चिकटून बसेल. शाईपेनसाठी मुद्दाम केलेल्यांपैकी दोन सांगतो, दोन्ही जपानी: प्लॅटिनम कार्बन ब्लॅक आणि सेलर किवागुरो. वाळल्या की पाण्यानं हलत नाहीत आणि काळ्याच राहतात. देशी शाईपेक्षा कितीतरी महाग पडतात, पण तुमच्या कामाला मी कार्बन ब्लॅकच घेईन.

मात्र वडिलांच्या पेनात ती भरू नका. पेनात वाळली तर काढणं फार जड जातं. त्यापेक्षा प्लॅटिनमचंच प्रेपी नावाचं साधं पेन घ्या, ०५ (मध्यम) निबचं. त्याच्या टोपणात स्प्रिंगवर बसणारी आतली टोपी असते, निब लवकर सुकत नाही. आपल्या वैशाखातल्या उन्हात याची किंमत कळते.

रंगाच्याच शाईत राहायचं असेल तर ऑरोरा ब्लॅक गडद आणि मऊ चालते, पण ओली आहे, म्हणजे निबमधून भरभरून उतरते, हलक्या कागदावर फुटेल. पेलिकन ४००१ चा काळा कोरडा चालतो, फुटतो कमी, पण इतका गडद नाही. गडद शाई ओली असते आणि ओली शाई हलक्या कागदावर फुटते. ही ओढाताण रंगाच्या शाईत सुटत नाही.

प्रतिसाद (पुसद)

कागदाकडं कोणीच पाहत नाही. सध्या पावसाळा आहे, वह्या दमट झाल्यात, कोणतीही शाई फुटेल. ताई, वही दोन दिवस कोठीत गव्हाच्या पोत्यावर ठेवा आणि मग लिहून पाहा. जमलं तर ७५ जीएसएमचे झेरॉक्सचे कागद घेऊन शिवून घ्या. आमच्या शाळेत मी तसंच करतो.

आणि एक तपासा. शिरोरेघ डावीकडून उजवीकडं ओढताना घासतं, पण उलटी ओढली की गुळगुळीत जातं, असं होतं का? तसं असेल तर दोष शाईचा नाही, निबच्या दोन फाका वरखाली झाल्यात. नखानं हलकेच समपातळीत आणता येतात.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन तिसऱ्या भिजवणीत सुटलं! वाटीतलं पाणी काळंकुट्ट झालं आणि जिभलीच्या खाचा मोकळ्या दिसायला लागल्या, तेव्हा मला रडूच आलं. त्यात आता साधी निळी शाईच भरणार.

फाका खरंच वरखाली होत्या, बरोबर ओळखलं दादा.

कार्बन ब्लॅक आणि प्रेपी नागपूरहून भाच्यानं आणून दिलं. झेरॉक्सच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, रात्रभर वाळू दिल्या, सकाळी ओल्या बोटानं घासल्या. काहीच हललं नाही. 'विठोबा'तल्या 'ब'ची रेघ स्वच्छ दिसते. मामाजींना पाटावर पान ठेवून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा सारखा केला आणि दुसऱ्या ओळीपासून चालच धरली.

आता एक राहिलं. आमच्याकडं धृपद लाल शाईनं लिहायची पद्धत आहे, म्हणजे कुठं परत यायचं ते अंधारातही कळतं. पाण्यात न जाणारी, पिगमेंटची लाल शाई कोणी शाईपेनात वापरली आहे का?